मावळतीचं दार

सूर्य कुठे उगवतो आणि कुठे बुडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवराजला ते पस्तिशी उलटल्यावर नीट समजावून सांगण्यात आलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. बरं, माणूस आंधळा नव्हता, वेडाही नव्हता. उलट त्याच्याइतकं आभाळाकडे बघणारा दुसरा कोणी अख्ख्या फ्लाक जिल्ह्यात सापडला नसता. घोळ आभाळाचा नव्हताच, शब्दाचा होता.

ऊस तोडायला ज्या दूरच्या बेटावर पूर्वी मराठी मजूर नेले गेले, तिथल्या सांत्र द फ्लाक गावच्या बाजारात तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, चिन्याच्या दुकानावरची चहाची किटली, सगळं त्याच्याच हातचं. डब्याच्या तळाशी उरलेला रंग तो घरी न्यायचा आणि जुन्या पत्र्यांवर चित्रं काढत बसायचा. शिकवलं कोणीच नव्हतं. माणसं तो काढायचा नाही. माणूस हलतो, आणि वर माझं नाक असं कुठंय म्हणून भांडतो. डोंगर, ऊस, समुद्र, ढग, एवढ्यावर त्याचं समाधान होतं. आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी स्वतःच्या, मराठीत. अक्षरं तो लहानपणी गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत शिकला होता. चित्राखाली दोन ओळी नसल्या तर त्याला ते चित्र सदऱ्याशिवाय बाहेर पडल्यासारखं वाटायचं.

"पत्र्याला पेंट लावला की गंज धरत नाय, तेवढाच फायदा," त्याची बायको सत्यवती म्हणायची. पण भिंतीवरचा एकही पत्रा तिने कधी काढू दिला नाही.

घर गावाबाहेर होतं, लाकडाचं, वर पत्रे. एका अंगाला उसाची शेतं, ती थेट मोंतान ब्लांशच्या डोंगरापर्यंत गेलेली. दुसऱ्या अंगाला फिलावची, म्हणजे सुरूची झाडं, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. घराला दारं दोन. समुद्राकडचं ते मावळतीचं दार, डोंगराकडचं ते उगवतीचं. देवराजची आई कुंती असंच म्हणायची, तिची सासू तसंच म्हणायची, सासूची सासूही. मावळत म्हणजे समुद्राची बाजू, उगवत म्हणजे डोंगराची, यात कोणाला कधी शंका आली नाही. सूर्य रोज मावळतीच्या पाण्यातून वर यायचा आणि संध्याकाळी उगवतीच्या डोंगरामागे बुडायचा. देवराजचा तर लहानपणी असा समज होता, की उगवत म्हणजे जिकडे ऊस उगवतो ती. आणि मावळत? त्याची मावळण, म्हणजे बापाची बहीण, समुद्राकाठी राहायची, म्हणून ती मावळत. पोराच्या डोक्यात अशी व्यवस्थित मांडणी झालेली होती, आणि ती बदलायचं त्याला काही कारण पडलं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत कुंतीच्या डोळ्यांवर पांढरं चढू लागलं. आयुष्य ऊस तोडण्यात गेलेली बाई, तक्रार करायची तिला सवय नव्हती. एके दिवशी रंग ढवळत बसलेल्या मुलाजवळ येऊन ती म्हणाली,

"देवा, डोळे पुरते जायच्या आधी मला मावळत काढून दे. बघून ठेवते."

देवराजने आयुष्यात कोणासाठी मागणीवरून चित्र काढलं असेल तर ते हे एकच. कामावर जायच्या आधी तो पहाटेचा किनाऱ्यावर जायचा, बघून यायचा, आणि घाईघाईत रंगवायचा. खडकांवर फुटणारी पांढरी रेघ, एक होडी, फिलावच्या काळ्या सावल्या, आणि पाण्यातून अर्धा वर आलेला सूर्य. खाली लाल रंगात ठसठशीत नाव घातलं: मावळत. आणि त्याखाली दोन ओळी.

मावळतीला जाग आली, पाणी झालं लाल,
आये म्हणते, ऊठ बाबा, ऊस तोडाया चल.

कुंती त्या पत्र्याला जवळजवळ नाक टेकवून बसायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. जेवढं दिसत होतं तेवढं ती साठवत होती. ओळी सत्यवतीने तिला वाचून दाखवल्या तेव्हा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "असाच उठवायची मी ह्याला. उठायचा कुठं मेला!"

आता अशा माणसाला प्रदर्शन वगैरेशी काय देणंघेणं? पण बेटाच्या मध्यावरच्या क्युरपिप शहरातल्या काही मराठी मंडळींनी आपल्या लोकांची चित्रं गोळा करून मांडायचं ठरवलं, आणि बाजारात पाटी करून घ्यायला आलेल्या एकाने देवराजचं नाव तिकडे नेलं. निरोप आला: तुमचं सर्वांत चांगलं चित्र घेऊन या. सर्वांत चांगलं कोणतं, याबद्दल घरात वाद नव्हता.

"ने की," कुंती म्हणाली. "पण परत आण. मला ती लागते."

क्युरपिपमध्ये नेहमीप्रमाणे पाऊस होता. देवराज लग्नातला कोट घालून, पत्रा चादरीत गुंडाळून, दोन बस बदलून पोचला. सभागृहात टाय लावलेली माणसं होती आणि सगळी फ्रेममधली चित्रं होती. त्याचा पत्रा कोपऱ्यात खुर्चीवर टेकवून ठेवला गेला. तो स्वतः त्याच्या शेजारी उभा राहिला, पाहुण्यांच्या घरी पोराला सांभाळत उभं राहावं तसा.

आधी एक टायवाले गृहस्थ आले. त्यांनी चित्र पाहिलं, नाव वाचलं, ओळी वाचल्या, आणि देवराजचा हात दोन्ही हातांत धरला. "काय कल्पना! मावळतीला जाग आली! सूर्य पश्चिमेला उगवतो! म्हणजे ही क्रांतीच म्हणा ना. मजुराची पहाट उलट्या दिशेने येते. वा!"

देवराजला एक अक्षर कळलं नाही. तो "हो हो" म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

मग वत्सलाबाई आल्या. त्या शाळांमधून मराठी तपासायच्या, पुण्याला राहून शिकून आलेल्या. स्वभावाने गोड बाई, चुकलेल्यालाही बसायला खुर्ची देतील अशा. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं.

"भाऊ, सुंदर आहे हो. पण मला एक सांगा, ही सकाळ आहे की संध्याकाळ?"

"सकाळ, बाई. मी सोता बघून काढली."

"मग नाव मावळत कसं?"

"समुद्र हाय ना तो."

वत्सलाबाईंनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, आणि त्या देवराजला तिथेच खुर्चीवर बसवून समजावू लागल्या. मावळणं म्हणजे बुडणं. सूर्य जिकडे मावळतो ती मावळत, म्हणजे पश्चिम. जिकडे उगवतो ती उगवत, पूर्व. "तुमचे वाडवडील कोकणातले असणार. तिथे समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. समुद्राची बाजू म्हणजे मावळत, ही सवय घेऊन ते इथे आले, आणि उतरले बेटाच्या उलट्या अंगाला. इथे समुद्र पूर्वेला! शब्द तसाच राहिला, सूर्यानेच जागा बदलली. किती मजेची गोष्ट आहे बघा!"

देवराजला मजा वाटली नाही. त्याच्या गावात सूर्य "बुडतो" किंवा "निघतो", तो मावळल्याचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. आणि आता इतक्या लोकांसमोर त्याला कळत होतं की पिढ्यान्‌पिढ्या आपलं घर उलटं बोलत आलं आहे. त्याला घाम फुटला. त्या थंड गावात, लग्नाच्या कोटात, त्याला घाम फुटला.

"मग हे चूक हाय?"

"चूक म्हणजे," वत्सलाबाई चाचरल्या, "मराठीत त्याला उगवत म्हणतात, एवढंच. ठेवा तुम्ही तसंच."

पण तसंच ठेवणारा देवराज नव्हता. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला चुकीचं अक्षर डोळ्यांसमोर सहन होत नाही, ते पुसेपर्यंत त्याचा हात शिवशिवतो. परतीच्या बसमध्ये तो खिडकीला कपाळ टेकवून बसला. ढगांतून सूर्य डोंगराकडे झुकत होता आणि देवराज स्वतःशी पुटपुटत होता, "ही मावळत. ही मावळत." शेजारी बसलेली बाई हळूच सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्रावरचं नाव निळ्या रंगाने झाकलं आणि त्यावर लिहिलं: उगवत. ओळीही बदलल्या. "उगवतीला जाग आली." मोजून पाहिलं तर ओळ बरोबर बसत होती, पण वाचली की त्याच्या डोळ्यांसमोर समुद्राऐवजी उसाचं शेत यायचं. आपल्याच ओळीत आपण परके, असं काहीसं त्याला झालं. होईल सवय, तो म्हणाला.

कुंती तिच्या वेळेला येऊन बसली. नाव बदलल्याचं तिला कळलं, ताज्या रंगाचा वास येत होता.

"काय लिवलंस रं?"

"उगवत, आये."

"मग ही माझी नव्हं. मी डोंगर मागितला नव्हता."

त्याने सगळं सांगितलं. कोकण, पश्चिम, वत्सलाबाई, पुणं. कुंती ऐकत राहिली, शेवटी "बरं" म्हणाली, आणि उठून मावळतीच्या, म्हणजे समुद्राकडच्या दारात जाऊन बसली. त्या दिवसापासून ती चित्रासमोर बसायची बंद झाली. दिसत होतं तेवढे महिने तिने फुकट घालवले, आणि ते का, हे देवराजला कळलं नाही. त्याला वाटलं, डोळे आणखी गेले असतील.

माणसाला नवीन शहाणपण आलं की घरच्यांची काही खैर नसते. देवराजने सगळ्यांची भाषा दुरुस्त करायला घेतली. दहा वर्षांची पुष्पा पटकन शिकली, तिला शाळेची सवय होती. सत्यवतीने सरळ हात झटकले. "माझा बाप जन्मभर मावळतीला मासे धरत होता. आता काय त्याला सांगायला जाऊ, की बाबा, तू डोंगरावर मासे धरलेस?" पण रोजची कटकट नको म्हणून तीही त्याच्यासमोर नवे शब्द वापरायची, आणि त्याची पाठ वळली की जुने. मग काय विचारता! "मावळतीचं धुणं काढ" म्हटलं की एक जण इकडे धावायचा, एक तिकडे, आणि पाऊस दोन्हीकडचं भिजवून जायचा. कुंती तर काही बोलायचीच नाही. तिला पाठ होत नसणार, असं देवराजने धरून चाललं.

आणि स्वतः देवराज? तो दिवसभर बरोबर बोलायचा, पण स्वप्नात त्याचा समुद्र मावळतच राहायचा. ओळी सुचेनाशा झाल्या. एखादी सुचली की आधी तो तपासायचा की ही आपली आहे की बरोबर आहे, तोवर ती विरून जायची.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ आलं. रेडिओवर इशाऱ्याचा आकडा चढत गेला तशा सगळ्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. सकाळपासून वारा समुद्राकडून होता. समुद्राकडच्या दाराला आडवा लाकडी अडसर घातलेला होता. दुसऱ्या दाराला नुसती कडी, कारण तिकडे आडोसा होता. अडसर घरात एकच, आणि वारा फिरला की तो उचलून दुसऱ्या दाराला लावायचा, हे त्या बेटावर सगळ्यांना माहीत असतं.

दुपारी अचानक सगळं थांबलं. पानही हलेना. वादळाचा डोळा डोक्यावर आला होता, तो सरकला की वारा उलट्या अंगाने येणार होता. देवराज घाईने माळ्यावर चढला आणि उचकटलेले पत्रे दोराने बांधू लागला. खाली सत्यवतीने तयारी म्हणून अडसर काढून हातात घेतला. पुष्पा पलंगाखाली होती. कुंती भिंत चाचपत मधल्या खोलीत उभी होती, तिला आता फक्त उजेड आणि काळोख एवढंच कळायचं.

मग पहिला झपाटा आला, डोंगराकडून. देवराज वरून ओरडला,

"मावळतीचं दार! मावळतीचं दार धरा!"

त्याच्या जिभेवर इतके महिने घोटलेला नवा शब्दच आला. पश्चिमेकडच्या, डोंगराकडच्या, कडीवाल्या दाराबद्दल तो बोलत होता.

सत्यवती अडसर घेऊन घराच्या मध्यावर उभी राहिली. तिने एका दाराकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "कुठली?" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "तुझी मावळत का आमची?"

कुंतीला असा प्रश्न पडला नाही. ती भिंत धरत समुद्राकडच्या दाराशी पोचली आणि पाठ टेकवून, पाय रोवून, अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून तिने ते दार धरलं. ज्या दाराला धरायची काहीच गरज नव्हती, ते.

देवराजचं उत्तर खाली पोचायच्या आत डोंगराकडची कडी तुटली. वारा घरात घुसला, भिंतीवरचे पत्रे घेऊन आरपार गेला, आणि समुद्राकडचं दार बाहेर उघडत असल्यामुळे कडी उचकटून ते कुंतीसकट उघडलं. ती पायरीवरून खाली दगडांवर पडली.

छप्पर अर्धं गेलं. चित्रं सगळी गेली. कुंतीच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती कधी आपल्या पायांनी चालली नाही.

वादळ ओसरल्यावर आठवडाभर लोक उसातून देवराजचे पत्रे शोधून आणून देत होते. एकावरचा डोंगर पिळवटला होता, दुसऱ्यावरचं आभाळ मधोमध दुमडलं होतं. दोनतीन चित्रं शेजाऱ्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर बसवून टाकली होती, ती देवराजने मागितली नाहीत. समुद्राचं चित्र परत आलं. होडी शाबूत होती, सूर्य शाबूत होता. खालची पट्टी मात्र दगडांवर घासून कोरी झाली होती. नावही नाही, ओळीही नाहीत.

इस्पितळात आईच्या खाटेशी बसून देवराज खूप रडला. "माझ्यामुळं झालं, आये." कुंतीने त्याचा हात चाचपून धरला. ती स्वतःच्याच विचारात होती.

त्यानंतर घरात तो शब्द कोणी काढला नाही. मावळतही नाही आणि उगवतही नाही. ठरवलं असं कोणी नव्हतं, पण दोन्ही शब्दांना हात लावायची कोणाची छाती होईना. देवराज "समुद्राकडं" म्हणायचा, "डोंगराकडं" म्हणायचा. पुष्पा मोठी होत गेली तशी सरळ बेटाच्या क्रेओल बोलीत "कोते लामेर" म्हणू लागली, समुद्राच्या बाजूला. ते सगळ्यांनाच सोपं पडलं. मनात मात्र देवराजने केव्हाच जुन्या अर्थाकडे तोंड फिरवलं होतं. वत्सलाबाई खऱ्या असतील, पुणं खरं असेल, पण आईची मावळत ती मावळत, आता माझ्या तोंडून तिला कोणी चूक म्हणणार नाही, अशी त्याने शपथच घेतली. फक्त ही शपथ त्याने आईला सांगितली नाही. बोलायचं तर शब्द उच्चारावा लागला असता.

हळूहळू सिमेंटचं घर झालं. देवराज पुन्हा चित्रं काढू लागला, पण खाली काही न लिहिता. क्युरपिपला दोनदा बोलावणं आलं, त्याने बिननावाची चित्रं पाठवली, आणि तिथल्या लोकांना ती त्याची खास तऱ्हा वाटली. त्याने तेही वाटू दिलं. आपल्याला काय म्हणायचं आहे हे माणसाला स्वतःलाच कळत नसलं, की लोकांनी काढलेला कोणताही अर्थ चालतो.

त्र्याऐंशी साल उजाडलं. कुंती आता पूर्ण आंधळी, अंथरुणावर. तिच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, एक समुद्राकडे, एक डोंगराकडे, आणि खाट त्यांच्या मध्ये आडवी, भिंतीकडे तोंड करून. एका संध्याकाळी ती म्हणाली,

"देवा, माझी खाट फिरव रं. तोंड उगवतीला राहू दे."

देवराजने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. इतक्या वर्षांनी तो शब्द! आणि आई अजून बोलते, तिच्या जिभेवर तो जिवंत आहे! त्याला काय करू आणि काय नको असं झालं. उगवत. म्हणजे डोंगर. ज्या शेतांत तिचं आयुष्य गेलं ती शेतं, बरोबरच आहे, शेवटी माणसाला आपली राबायची जागा आठवते. त्याने लगोलग खाट फिरवली, उशी उंच केली, तिचं तोंड नीट डोंगराकडच्या खिडकीकडे केलं. खिडकीबाहेर आंब्याचं दाट झाड होतं, तिकडून ऊन कधी आत येत नसे, पण आंधळ्या माणसाला काय त्याचं. पाठीमागून समुद्राचा वारा मानेला लागेल म्हणून ती खिडकी त्याने घट्ट लावून घेतली. स्वतःवर तो इतका खूश होता, की कितीतरी वर्षांनी त्याच्या मनात एक ओळ येऊन गेली.

दुसऱ्या सकाळी कुंतीने विचारलं, "आज पाऊस हाय का?"

"नाय आये, लख्ख ऊन हाय."

पुढच्या सकाळी तिने ढग आहेत का विचारलं. नव्हते. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. तिचं खाणं कमी झालं. दिवस वर आला की ती हळूच हात उचलून स्वतःचा गाल चाचपायची, मग हात खाली ठेवून द्यायची. देवराजला वाटलं, वयच झालं. त्याने डॉक्टर आणला. डॉक्टरनेही वयच सांगितलं.

शेवटी सत्यवतीने त्याला अंगणात गाठलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती सहजासहजी रडणारी बाई नव्हती.

"आये म्हणतात, माझं अंग मेलं. म्हणतात, सकाळचं ऊन तोंडावर येतं तरी मला लागत नाय, म्हणजे आता जायचं आलं. कोणाला सांगू नको म्हणाल्या."

"सकाळचं ऊन?" देवराज म्हणाला. "त्या खिडकीतून सकाळचं ऊन कसं येईल? तिकडं डोंगर."

"मग मी तेच तर म्हणते!"

डोक्यात सगळं उलटसुलट फिरत होतं, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. मग तो आत गेला आणि खाटेशी जमिनीवर बसला.

"आये, तुला तोंड कुठं पायजे होतं?"

"उगवतीला. केलंस की तू."

"उगवत म्हणजे कुठली?"

कुंतीला परीक्षा घेतल्यासारखं वाटलं असावं. ती भराभर म्हणून गेली, "जिकडून सूर्य निघतो ती उगवत. लामेर म्हणजे उगवत. मोंतान म्हणजे मावळत. येतं मला. इस्पितळात पडल्या पडल्या पाठ केलंय. तू एवढा घसा फोडून शिकवत होतास, मी मेलीनं कान दिला नाय. आधी शिकले असते तर बरोबर दार धरलं असतं. घर गेलं नसतं, तुझे पत्रे गेले नसते." मग तिने विचारलं, "चुकलं का काय?"

"नाय आये," देवराज म्हणाला. "बरोबर हाय."

आठ वर्षं तो तिच्या शब्दाकडे परत जात होता आणि ती त्याच्या शब्दाकडे येत होती. वाटेत दोघं एकमेकांना कुठे ओलांडून गेली, ते कळलंसुद्धा नाही. आणि इतके दिवस, ऊन लागत नाही म्हणून, ती मरायची तयारी करत पडली होती. त्याला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

त्याने आणि सत्यवतीने मिळून खाट उचलली, उलटी केली, समुद्राकडची खिडकी सताड उघडली. बाहेर अंधारत आलं होतं, ऊन तर नव्हतंच. पण फिलावमधून वारा आत आला आणि कुंतीने नाक वर केलं.

सकाळी सगळी तिथे होती. पुष्पाही केसांना तेल लावता लावता दारात येऊन उभी राहिली. खिडकीत आधी राखाडी उजेड आला, मग तांबूस, मग सूर्याचा पहिला तुकडा पाण्यातून वर निघाला आणि सरळ म्हातारीच्या चेहऱ्यावर पडला. ती दचकली. तिने हात गालाला लावला, मग कपाळाला, मग मिटलेल्या डोळ्यांना.

"आली!" ती म्हणाली. "अगं बाय, मावळत आली!"

पाठ केलेलं सगळं त्या एका क्षणात ती विसरली होती. कोणी तिला दुरुस्त केलं नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझा पत्रा कुठं हाय रं?"

देवराजने कपाटामागून तो पत्रा काढला, धूळ पुसली, तिच्या मांडीवर ठेवला. कुंतीची बोटं त्यावरून फिरत खाली आली आणि घासलेल्या कोऱ्या पट्टीवर थांबली.

"इथं नाव होतं."

"गेलं, आये. वादळात."

"मग परत लिव."

देवराजने लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि तिथेच अडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या त्याने डोळे झाकून रंगवल्या होत्या. "काय लिवू?"

कुंतीने जरा विचार केला. मग आवाज खाली करून, भिंतींना ऐकू जाऊ नये असं, ती म्हणाली, "मावळत लिव. पण क्युरपिपला नेऊ नको. हसतील तुला."

त्याने लिहिलं. अक्षरं वाकडी आली, कारण त्याला नीट दिसत नव्हतं. रंग ओला असतानाच म्हातारीने त्यावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि सगळं नाव फिसकटलं. सत्यवती फडकं घेऊन धावली, पण कुंतीने ते लाल बोट मुठीत लपवलं आणि दिवसभर कोणाला पुसू दिलं नाही.